राजसत्तेचा वांटा आणि देशाचें उत्पन्न : हिशेबी कागदांचा एक दुर्लक्षित उपयोग

मराठी राज्यांत सरकार रयतेकडून किती घेई, या प्रश्नाचें ठराविक उत्तर सर्वांच्या तोंडीं आहे. शिवकालाविषयीं बोलणें निघालें कीं, पिकाचे पांच वांटे करून दोन दिवाणांत व तीन रयतेकडे, हें सभासदाच्या बखरीच्या आधारानें सांगण्यांत येतें. पेशवाईचा विषय आला म्हणजे चौथाई, सरदेशमुखी आणि नाना पट्ट्यांची नांवें पुढें होतात. मोंगल अमलासंबंधीं पिकाचा तिसरा हिस्सा, कोणी म्हणतात निम्मा हिस्सा, अशीं विधानें आढळतात. या सर्वांच्या शेजारीं इंग्रजी अमदानीचा आंकडा मांडला जातो. त्या अमदानीच्या अखेरीस एकंदर करांचा बोजा देशाच्या उत्पन्नाच्या सुमारें शेंकडा 6 होता, असें अँगस मॅडिसन यांनीं 1971 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे. वाचक साहजिकच 40 आणि 6 हे आंकडे समोरासमोर ठेवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो.

हा निकाल टिकणारा नाहीं. पहिला आंकडा पिकाचा हिस्सा आहे, दुसरा देशाच्या सर्व उत्पन्नाचा. पहिला मागणीचा आहे, दुसरा वसुलाचा. मापें दोन, वस्तूहि दोन. हल्लीं अर्थशास्त्रज्ञ ज्यास राष्ट्रीय उत्पन्नांतील सरकारी खर्चाचें प्रमाण म्हणतात, तें एक साधें अपूर्णांक आहे. अंशस्थानीं सरकारनें वर्षभरांत केलेला खर्च आणि छेदस्थानीं त्याच वर्षांत त्याच मुलखांत निपजलेल्या सर्व मालाची व सेवांची किंमत. आजच्या हिंदुस्थानांत केंद्र व राज्यें मिळून हें प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक आहे. मराठी राज्याच्या बाबतींत तें काढावयाचें झाल्यास अंश कोणत्या कागदांतून घ्यावा आणि छेद कोणत्या, याचा विचार जुने कागद जमविणारांनीं केला पाहिजे. कारण हे कागद एकदां विखुरले म्हणजे गणित करणाराच्या हातीं कांहींच उरत नाहीं.

प्रथम छेद घेऊं. 'देशाचें उत्पन्न' ही कल्पना जुन्या दप्तरांत नाहीं. दिवाणास आपल्या हक्काशीं काम असे. रयतेच्या घरांत काय उरलें, विणकराच्या मागावर किती कापड निघालें, हें त्यानें मोजण्याचें कारण नव्हतें. ही कल्पना आपल्याकडे आंकड्यांनिशीं मांडण्याचा मान दादाभाई नौरोजींकडे जातो. 1867 ते 1870 या काळाच्या आंकड्यांवरून त्यांनीं जो निबंध रचला, तो 1876 सालीं मुंबईस ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढें वाचला गेला. प्रांतवार पिकांची किंमत घेऊन, तींतून बियाण्याबद्दल शेंकडा 6 वजा घालून, मीठ, अफू, कोळसा, व्यापार, कारागिरी यांची भर टाकून आणि कांहीं चुकलें असेल म्हणून वर आणखी सढळ हातानें रक्कम धरून त्यांनीं ब्रिटिश हिंदुस्थानचें वार्षिक उत्पन्न 34 कोटी पौंड ठरविलें. लोकसंख्या 17 कोटी; म्हणजे माणशीं 40 शिलिंग, त्या वेळच्या दरानें 20 रुपये. त्याच सुमारास सरकारचा ढोबळ वसूल 5 कोटी पौंडांच्या घरांत होता. भागाकार केला तर तो उत्पन्नाच्या शेंकडा पंधराच्या किंचित् आंत येतो.

पुढें 1882 त बेअरिंग व बार्बर यांनीं दुसरा अंदाज केला : शेतीचें उत्पन्न 350 कोटी रुपये, शेतीखेरीज 175 कोटी, एकूण 525 कोटी, लोकसंख्या साडेएकोणीस कोटींच्या आंतबाहेर, माणशीं 27 रुपये. यांतील 175 कोटींचा आंकडा कोणीं मोजलेला नाहीं. शेतीच्या निम्मे असावेत म्हणून धरला आहे. दादाभाईंच्या काळचा माणशीं सुमारें तीन रुपयांचा भार या 27 रुपयांच्या मापानें मोजला, तर पंधराचे अकरा होतात. वसुलांत एका पैचाहि फरक पडलेला नाहीं. बदलला तो छेद. 1901 त लॉर्ड कर्झन यांनीं माणशीं 30 रुपये सांगितले, त्याच वर्षीं विल्यम डिग्बी यांनीं त्याहून पुष्कळच कमी सांगितले, आणि तेव्हांचा सगळा वाद वस्तुतः या छेदावरचा वाद होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनीं आंकड्यांची जी झटापट केली, तिचें मोल या दृष्टीनें पाहिलें म्हणजे कळतें.

अंशांतहि त्या काळीं दोन गांठी होत्या. अफूच्या वसुलाचा मोठा भाग चीनमधील गिऱ्हाइकांच्या खिशांतून येई. तो हिंदी रयतेवरील भार म्हणावा काय? उलट, विलायतेंत होणारा खर्च, म्हणजे तिकडील पेन्शनें, कर्जावरील व्याज, इंडिया ऑफिसचा संसार, हा येथील वसुलांतून जाई आणि येथें परत येत नसे. खर्च सरकारी खरा, पण तो ज्या देशाच्या उत्पन्नाशीं ताडावयाचा त्या देशांत झालेला नाहीं. दादाभाईंचा मुख्य आक्षेप कराच्या टक्केवारीपेक्षां यावर होता.

आतां मागें वळून जुन्या आंकड्यांकडे पाहूं. आईन-इ-अकबरींत बारा सुभ्यांची जमा 3,62,97,55,246 दाम दिली आहे. चाळीस दामांचा रुपया या हिशेबानें हे 9 कोटी 7 लाख रुपयांवर होतात. ही जमा आहे, हासिल नव्हे. म्हणजे मनसबदारांस जहागिरी नेमून देतांना मुलखाची जी अपेक्षित प्राप्ति धरावयाची, तिचा हा आंकडा. शिरीन मूसवी यांनीं 1987 सालच्या आपल्या ग्रंथांत या एका आंकड्याचा जो बारकाईनें उलगडा केला आहे, तो हिशेबी कागदांच्या अभ्यासकानें अवश्य पाहावा. मॅडिसन यांच्या मतें मोंगल बादशहा, मनसबदार, जहागीरदार, संस्थानिक आणि जमीनदार या सर्वांच्या हातीं मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारें शेंकडा 15 भाग जाई. पिकाचा तिसरा हिस्सा घेणारें राज्य आणि उत्पन्नाचा सातवा हिस्सा मिळविणारें राज्य हीं एकच असूं शकतात, हें या दोन आंकड्यांवरून ध्यानांत यावें.

तें कसें, हें एका कल्पित गांवाच्या हिशेबानें दाखवितों. पुढील रकमा केवळ रीत समजावी म्हणून घेतल्या आहेत; त्या कोणत्याहि कागदांतून उतरलेल्या नाहींत. बी वजा जातां गांवचें पीक 1000 रुपयांचें आहे असें धरूं. दूधदुभतें, माग, तेलघाणा, बलुतेदारांचीं कामें, बाजारहाट यांचें मिळून 500, म्हणजे बेअरिंग-बार्बर यांचेंच निमपट प्रमाण. गांवचें एकूण उत्पन्न 1500. दिवाणाचा वांटा पांचांत दोन. परंतु चवथाई जमीन इनाम आहे. तेव्हां आकार बसतो तो 750 च्या पिकावर, म्हणजे 300. पाऊस ओढल्यामुळें दहावा हिस्सा सूट, राहिले 270. वतनदारांचे हक्क आणि गांवखर्च मिळून 30 वजा. कमाविसदाराच्या हातीं 240. त्यांपैकीं महालाची शिबंदी व कचेरी यांस 60 खर्च होऊन हुजुरांत पोंचले 180.

या एका गांवाविषयीं चार अभ्यासक चार उत्तरें देतील. बखर वाचणारा म्हणेल 40. महालाचा ताळेबंद पाहणारा 240 ला 1500 नें भागून 16 म्हणेल. ज्याच्यापुढें फक्त हुजूरचा जमाखर्च आहे त्यास 12 दिसतील. आणि चवथा म्हणेल कीं, पाटील-कुलकर्ण्यांचा हक्क ही त्यांच्या चाकरीची मजुरी आहे, इनाम हें देवस्थानच्या दिवाबत्तीसाठीं किंवा वेदशास्त्रसंपन्नांच्या योगक्षेमासाठीं राज्यानेंच सोडलेलें उत्पन्न आहे, तेव्हां इनामाचे सोडलेले 100 आणि हक्कांचे 30 हेहि सरकारी खर्चांत धरले पाहिजेत. त्याच्या हिशेबानें 370, म्हणजे शेंकडा जवळजवळ 25. चवथ्याचें म्हणणें सहज टाकून देण्याजोगें नाहीं. आम्हांस तर तेंच पुष्कळ अंशीं खरें वाटतें. मात्र ज्या इनामाच्या बदल्यांत कोणतीच सेवा उरलेली नाहीं, तें राज्याच्या खर्चांत न धरतां धारकाच्या उत्पन्नांत धरावें. ही छाननी सनदा वाचल्यावांचून होत नाहीं. 1852 च्या कायद्यान्वये इनाम कमिशननें ती आपल्या हेतूनें केली, आणि त्यामुळें घरोघरच्या सनदा उजेडांत आल्या, हा तिचा अनपेक्षित उपकार होय.

मोठ्या प्रमाणावर हाच घोटाळा सरंजामामुळें होतो. थोरल्या माधवरावांच्या वेळीं मराठी राज्याचा वसूल यादींत 10 कोटी असला तरी प्रत्यक्ष येई तो 7 कोटी 20 लाखांच्या सुमारास, आणि पेशव्यांच्या थेट हाताखालीं त्यांतील 2 कोटी 80 लाखच होते, असें ग्रांट डफ यानें 1826 सालच्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. बाकीचा शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड आदिकरून सरदारांच्या सरंजामांत. म्हणजे राज्याच्या एकंदर प्राप्तीपैकीं पांचांत दोन वांटे सुद्धां पुण्याच्या जमाखर्चांत उमटत नव्हते. सरंजामदारानें फौज बाळगावयाची, दुर्ग राखावयाचे, स्वारीस यावयाचें. हा सारा राज्याचाच खर्च, पण तो हुजूरच्या कीर्दींत शोधूं गेल्यास सांपडावयाचा नाहीं. पुण्याच्या एका ताळेबंदावरून 'पेशवाईचा खर्च' सांगणारे लेख अधूनमधून दृष्टीस पडतात. ते पुण्याच्या खजिन्याचा खर्च सांगतात, एवढेंच त्यांच्याविषयीं म्हणतां येईल.

बाळाजी विश्वनाथानें चौथाईची जी वांटणी बसविली, तींत ही गुंतागुंत मुळाशींच आहे. चौथाईच्या शंभरांतील 25 राजबाबती, 6 साहोत्रा पंतसचिवांकडे, 3 नाडगौडा राजाच्या मर्जीनुरूप, आणि उरलेले 66 ऐन मोकासा सरदारांकडे. त्याखेरीज सरदेशमुखी निराळी. एकाच गांवावर चार मालकांचे चार वसूलदार, प्रत्येकाचा कागद निराळ्या घराण्यांत. संपूर्ण बेरीज कोणाच एकाच्या दप्तरांत नाहीं. पंतसचिवांकडील साहोत्र्याची एक फर्दी हातीं आली, तर ती क्षुल्लक समजूं नये. सहा रुपये ज्यांत मांडले आहेत त्या कागदानें चौथाईचे शंभर किती होते, हें कळतें.

परंतु चौथाईचे आंकडे घेतांना दुसऱ्या टोंकाचीहि सावधगिरी हवी. 1719 च्या सनदांच्या संबंधांत दक्षिणच्या सहा सुभ्यांची जमा 18 कोटी 5 लाखांवर दाखविली जाते. तिच्या दहाव्या हिश्श्यानें सरदेशमुखी 1 कोटी 80 लाखांवर आणि चवथ्या हिश्श्यानें चौथाई साडेचार कोटींवर होते. या अठरा कोटींत विजापूर व हैदराबाद या दोन सुभ्यांचेच चौदा कोटींवर आहेत. अकबराच्या बारा सुभ्यांची जमा नऊ कोटी, आणि दक्षिणच्या सहांची अठरा! मधल्या सव्वाशें वर्षांत भाव चढले हें खरें. तरी हा आंकडा वसुलाचा नसून दाव्याचा आहे, असें आम्हांस वाटतें. ज्यास चौथाई घ्यावयाची आहे तो मूळ जमा फुगवून धरणारच. शिवाय हा पैसा पुष्कळदां परमुलखांतून मुलूखगिरी करून आणलेला असे. निजामाच्या प्रदेशांतून आलेली चौथाई अंशांत घालून छेदांत मात्र केवळ पुणें-साताऱ्याकडील उत्पन्न धरलें, तर येणारें प्रमाण कोणत्याच देशाचें नसेल. ज्या मुलखाचा पैसा, त्याच मुलखाचें उत्पन्न, हा नियम येथें मोडतां कामा नये.

आणखी एक गोष्ट. प्राप्ति आणि खर्च हे एक नव्हेत. स्वारीच्या सालीं सावकारांचें कर्ज काढावें, कमाविसदारांकडून रसद आगाऊ घ्यावी, आणि पुढील दोनचार वर्षांच्या वसुलांतून ती फेडावी, हा पेशवाईचा नित्याचा परिपाठ होता. पहिल्या बाजीरावाचीं कर्जासंबंधींचीं पत्रें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. अशा सालीं खर्चाचें प्रमाण प्राप्तीच्या पुष्कळ वर जाई. खर्चांतहि दोन जाती आहेत. शिबंदी, किल्ल्यांची डागडुजी, तोफा, पागा यांवर सरकार पैसा देऊन कांहीं काम वा माल घेतें. वर्षासनें, दक्षिणा, सावकारांचें व्याज यांत पैसा एका हातांतून दुसऱ्या हातीं जातो. देशाच्या उत्पन्नांतला कोणताहि माल सरकार स्वतः खपवीत नाहीं. हल्लींचे अर्थशास्त्रज्ञ हे दोन खर्च निराळे मांडतात. आपणहि दक्षिणेची रक्कम आणि घोड्यांच्या चंदीची रक्कम एकाच बेरजेंत ढकलूं नये. पर्वतीच्या रमण्यांतील दक्षिणेचा कांहीं भाग इंग्रजांनीं पुढें 1821 त पुण्याच्या पाठशाळेकडे वळविला, तेव्हां पहिल्या जातीचा खर्च दुसऱ्यांतून निघाला, असें म्हणतां येईल.

वरातींनीं तर अनेकांस चकविलें आहे. एखाद्या पथकाचा रोजमुरा द्यावयाचा, तर पुण्याहून रोकड न देतां अमुक महालावर वरात होई. पैसा तेथेंच वसूल होऊन तेथेंच खर्ची पडे. पण वरात फिटल्यावर ती महालाच्या हिशेबांत खर्चीं पडते आणि हुजूरच्या हिशेबांत एकदां जमेस व एकदां खर्चीं, अशी पुन्हां उमटते. दोन्ही कागद जवळ असतां भोळेपणानें बेरीज केली, तर एकच रुपया दोनदां मोजला जातो. याच्या उलट वेठबेगार, किल्ल्यास गांवांनीं पुरविलेलें गवत व लांकूड, हें कोणत्याच कीर्दींत रुपयांनीं चढत नाहीं. अंश एका बाजूनें फुगतो, दुसऱ्या बाजूनें खंगतो.

इंग्रजी अमलाच्या आरंभींच्या आंकड्यांसंबंधीं येथें थोडक्यांत सांगून पुढें जातों. प्रिंगल यानें पुणें भागांत जी पाहणी केली, तींत सरकारचा हिस्सा शेंकडा 55 धरला होता. हे 55 निव्वळ उत्पन्नाचे, म्हणजे लागवडीचा सर्व खर्च वजा जाऊन उरेल त्याचे. सभासदाच्या 40 शेजारीं ते ठेवून इंग्रजी सारा अधिक जड होता, असें म्हणणें चुकीचें. आणि तो हलका होता असेंहि त्यावरून ठरत नाहीं. ती आकारणी रयतेस पेलली नाहीं, शेतें ओस पडलीं, आणि 1836 त इंदापुरांत गोल्डस्मिड व विंगेट यांच्या नव्या पद्धतीस आरंभ झाला, एवढें निश्चित आहे.

मग खरें प्रमाण काढण्यास कोणते कागद लागतात? अंशासाठीं हुजूरचे तर्जुमे व खतावण्या. एकबेरीज दप्तरांत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून वर्षाची जमा, खर्च व बाकी काढीत, आणि खतावणींत प्रत्येक खर्चाचें सदर निराळें लावीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत हें साहित्य आहे. त्यांच्या जोडीस त्याच सालचे महालांचे ताळेबंद आणि सरंजामी घराण्यांचे जमाखर्च. छेदासाठीं गांवचा झाडा, लावणीपत्रक, पीक पाहणी, आणि ज्यांकडे कोणी पाहात नाहीं असे मोहतर्फ्याचे कागद. मोहतर्फा घेण्यासाठीं माग, घाणे, दुकानें मोजावीं लागत. शेतीखेरीज उत्पन्नाचा अंदाज करण्यास, बेअरिंग-बार्बर यांच्याप्रमाणें निम्में धरून चालण्यापेक्षां, हा पाया कितीतरी भक्कम आहे. जकातीचे आंकडे व बाजारच्या निरखाच्या यादी त्यास पूरक. धान्याच्या वसुलाची दिवाणी किंमत आणि बाजारांतील किंमत यांत अंतर असे, म्हणून निरख पाहिल्यावांचून धान्याचे रुपये करूं नयेत. खंडी वीस मणांची खरी, पण पायली गांवोगांव निराळी. रुपयाहि एक नाहीं. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं डॉ. कोट्स यानें लोणी गांवाचें जें वर्णन केलें आणि 1917 त हॅरोल्ड मॅन यानें पिंपळे सौदागर गांवाचा जो अभ्यास छापला, त्यांत घरें, गुरें, जमीन यांची मोजदाद आहे. जुन्या गांवझाड्यांशीं ताडून पाहण्यास हीं दोन वर्णनें फार उपयोगीं पडतात.

साल जुळविणें हेंहि महत्त्वाचें. शुहूर सन मृगापासून चालू होतो. अर्बा सितैन मया व अलफ, म्हणजे 1164, हें साल इसवी 1763 च्या जूनपासून 1764 च्या जूनपर्यंतचें. खरीप व रब्बी हीं दोन्ही पिकें एका सालांत बसतात, ही यांतली सोय. पण पावसाळ्यापूर्वीं संपलेल्या मोहिमेचा खर्च व पावसाळ्यानंतरचा वसूल हे दोन सालांत पडतात. एका सालचा खर्च दुसऱ्या सालच्या पिकाशीं भागला, तर दुष्काळाच्या वर्षीं भलतेंच उत्तर निघतें.

आमच्या संग्राहकांचा ओढा प्रथमपासून राजकीय पत्रांकडे राहिला. सरदेसायांनीं 1930 पासून पेशवे दप्तरांतून निवडलेल्या पंचेचाळीस भागांतहि पत्रव्यवहाराचेंच प्राबल्य आहे, आणि त्या काळची गरज पाहतां त्यांत वावगें कांहीं नव्हतें. पण घरोघरच्या पेट्या उघडतात तेव्हां शिक्क्याचें पत्र बाजूस काढलें जातें, आणि ज्या रुमालांत तें होतें त्यांतील बंद, फर्दी, गांवखर्चाच्या यादी, कोठीचे हिशेब एकमेकांपासून सुटतात. हिशेबाचा सुटा बंद वाचतां येतो, पण वापरतां येत नाहीं. मागल्या बंदावरची 'पैकीं' आणि पुढल्यावरची 'बाकी' यांच्यावांचून त्यांतली रक्कम कोणत्या बेरजेची आहे, हें कळण्यास मार्ग नाहीं. म्हणून रुमाल सोडण्यापूर्वीं बंद ज्या क्रमानें असतील त्या क्रमानें आंकडे घालावेत, रुमालावरील चिठी त्याच्याबरोबरच ठेवावी, आणि एकाच परगण्याचे एकाच सालचे महाल, गांव व मोकासदार या तिन्हींकडील कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची याद त्रैमासिकाकडे पाठवावी. असा एक परगणा पुरा जुळला, तर कल्पित गांवाच्या जागीं खऱ्या परगण्याचा भागाकार मांडतां येईल.